हेमांगी सिस्टर आणि तिची गाडी

हेमांगी शिगवण पहिल्यांदा आमच्या दारात आली तेव्हा मी तिला परत पाठवणार होते. डोक्यावर हेल्मेट, पाठीवर भलीमोठी चौकोनी बॅग, अंगणात उभी केलेली काळी मोटरसायकल. मला वाटलं, कुठल्या तरी कंपनीचं पार्सल घेऊन आली असेल.

"आम्ही काही मागवलं नाही," मी म्हणाले.

तिने हेल्मेट काढलं. चाळिशी ओलांडलेली बाई होती, केस घट्ट बांधलेले, कपाळावर घाम. "मी नर्स आहे. हॉस्पिटलमधून पत्ता मिळाला. इनास तुस्कानो इथेच राहतात ना?"

इनास तुस्कानो म्हणजे माझे पप्पा. उजव्या अंगावरून वारं गेल्यावर हॉस्पिटलमधून घरी आणून त्यांना महिना झाला होता. उजवा हात आणि पाय जवळजवळ निकामी, बोलणं अडखळत, त्यात टाचेला झोपून झोपून जखम झालेली. पण या सगळ्यापेक्षा मला भीती वाटायची ती त्यांच्या गप्प बसण्याची. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहत. व्यायाम करायचा नाही, खिडकी उघडायची नाही, कोणी भेटायला आलं तर डोळे मिटून घ्यायचे. वीजमंडळात मीटर वाचायचं काम केलेला माणूस तो. अर्नाळ्यापासून नायगावपर्यंत मोटरसायकलवर फिरलेला, गावोगावी लोक नावाने हाक मारायचे. मी शाळेत शिकवते, माझे तास संपवून घरी आले की पप्पा सकाळी होते तसेच दिसायचे.

हेमांगीने टाचेचं ड्रेसिंग बदललं. पप्पांशी ती सारखं बोलत होती, उत्तर येत नव्हतं तरी. "काका, आता थंड लागेल हं." "काका, डावा गुडघा उचला. उजव्याला मी मदत करते." पप्पांनी काही उचललं नाही. तिने त्याचा राग मानला नाही, आग्रहही केला नाही. बॅग आवरली, परवा येते म्हणाली आणि बाहेर जाऊन किक मारली. गाडी अंगणातून फाटकाकडे निघाली तेव्हा कसला तरी खडखडाट होत होता.

मी पप्पांची चादर नीट करत होते. तेवढ्यात ते म्हणाले, "चेन."

मला कळलं नाही. त्यांनी मान माझ्याकडे वळवली, चिडल्यासारखी. "चेन. ढिली. सांग तिला."

कितीतरी दिवसांनी त्यांनी आपणहून काढलेले ते शब्द. मी तशीच अनवाणी धावत फाटकापर्यंत गेले. हेमांगी थांबली, मी निरोप दिला. तिने गाडीकडे खाली वाकून पाहिलं, मग माझ्याकडे. अगदी सरळपणे विचारलं, "चेन कुठे असते हिला? मला तर कुठे दिसत नाही."

चेन पत्र्याच्या कव्हरच्या आत असते हे मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं. आम्ही दोघी हसलो.

पुढे हळूहळू तिच्याबद्दल कळत गेलं. माहेर संगमेश्वरच्या बाजूचं, लग्नानंतर नायगावच्या नव्या टॉवरमधला फ्लॅट. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात तिने बरीच वर्षं नोकरी केली. मग सासूबाई आजारी पडल्या, घरीच अंथरुणाला खिळल्या, आणि तिच्या लक्षात आलं की हॉस्पिटलमधून सुटून घरी गेलेल्या माणसाकडे बघायला कोणी येतच नाही. सासूबाई गेल्यावर तिने वसईतल्या एका छोट्या ट्रस्टचं काम घेतलं. घरोघरी जाऊन अंथरुणावरच्या पेशंटना बघायचं. आज पापडी, उद्या राजोडी, परवा खाडीकडची वस्ती. रिक्षा मुख्य रस्त्यावर सोडते, पुढे वाडीतून बॅग घेऊन चालत जायचं. दोन पेशंट होईपर्यंत दिवस संपायचा. शेजारणीची स्कूटर घेऊन बघितली, तर राजोडीला रस्त्यावर आलेल्या वाळूत चाक घसरून ती पडली. मोठं चाक बरं म्हणून तिच्या नवऱ्याने, विपुलने, एका मित्राची जुनी शंभर सीसीची मोटरसायकल मिळवून दिली. टॉवरमागच्या मोकळ्या जागेत रविवारी रविवारी तिने गिअर टाकायचा सराव केला, लायसन्स काढलं आणि बॅग पाठीला लावून कामाला निघाली. चालवायला ती शिकली होती. गाडीत पेट्रोलशिवाय आणखी काही घालावं लागतं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी पापडी नाक्यावर कॅल्विनच्या गॅरेजमध्ये तिने चेन ओढून घेतली. पुढच्या खेपेला आली तेव्हा गाडीचा आवाज ऐकून पप्पा काही बोलले नाहीत, म्हणजे काम बरं झालं असावं. पण राजोडीच्या दोन-चार फेऱ्या झाल्या आणि खडखड परत सुरू झाली.

"वाळू," पप्पा म्हणाले. "आणि खारी हवा. नुसती ओढून... काय होणार. धुवायला पाहिजे."

हेमांगी पप्पांच्या पायाला बँडेज बांधत होती. तिने हात थांबवला. "मला शिकवाल, काका?"

पप्पांनी डोळ्यांनीच स्वतःच्या उजव्या अंगाकडे खूण केली. अशा माणसाने काय शिकवायचं, असं.

"तुम्ही हात नका लावू. हात माझे. तुम्ही फक्त बघा आणि सांगा," ती म्हणाली. मग खोलीभर नजर फिरवली. "पण इथून दिसणार नाही. खिडकीशी बसावं लागेल."

पप्पांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. दुसऱ्या खेपेला तिने विचारलं तेव्हा त्यांनी डावा गुडघा उचलला.

मी नंतर एकदा तिला विचारलं होतं की, तू हे मुद्दाम केलंस का, त्यांना उठवायला? ती विचार करून म्हणाली, "खोटं कशाला बोलू, टीचर. मला गाडीचं शिकायचंच होतं. रस्त्यात बंद पडली तर पेशंट वाट बघत राहतो. आणि ते उठले तर मला हवंच होतं. दोन्ही."

पहिला धडा रविवारी झाला. मी चर्चमधल्या मिस्सावरून घरी आले तर ती जुना पंजाबी ड्रेस घालून अंगणात हजर. तोपर्यंत पप्पा आधाराने पलंगाच्या कडेला बसू लागले होते. त्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून त्यांना खुर्चीत बसवलं आणि खुर्ची खिडकीशी लावली. पाठीला उशी, उजव्या बगलेत दुसरी उशी. पप्पांचा चेहरा घामाने भिजला. पण खिडकी उघडायला त्यांनीच सांगितलं.

गाडी डबल स्टँडवर लावायलाच हेमांगीला तीनदा जोर करावा लागला. "हाताने नाही," पप्पा आतून म्हणाले. "पायाने. स्टँडवर उभी राहा." तिने सगळं वजन पायावर टाकलं आणि गाडी अलगद मागे चढली. तिला इतका आनंद झाला की तिने ती खाली उतरवून पुन्हा चढवली.

मग चेनकव्हर निघालं. आत काळा चिखल होता, वाळू आणि जुनं ग्रीस एकमेकांत मिसळून झालेला. टूथब्रश डिझेलमध्ये बुडवून तिने एकेक कडी घासली. घासताना तिचं तोंड चालू नव्हतं, हे मला नवीन होतं. जखम साफ करताना ती जशी मान तिरपी करून, ओठ दाबून बघायची, तशीच बघत होती. चेन पुसून कोरडी झाल्यावर जाड तेल थेंबथेंब सोडलं. मग पाना लावून ती ओढली, अगदी घट्ट. समाधानाने खिडकीकडे पाहिलं.

"खालून दाब," पप्पा म्हणाले.

तिने चेन बोटाने दाबली. ती हललीच नाही.

"तुटेल. बेअरिंग खाईल. थोडी... सैल पाहिजे. बोटभर खालीवर."

"मला वाटलं घट्ट म्हणजे चांगली."

"गुडघ्याला पट्टी बांधतेस," पप्पा म्हणाले आणि पुढचा शब्द शोधत राहिले. तो सापडायला वेळ लागला, पण हेमांगीने मधे बोलून मदत केली नाही. "रक्त... थांबेल एवढी घट्ट बांधतेस का?"

तिने मान हलवली आणि नट पुन्हा सोडला. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आल्या पाहिजेत, नाहीतर मागचं चाक तिरकं चालतं, हेही तिला त्याच दिवशी कळलं. एकीकडची खूण जुळवली की दुसरीकडची सरकायची. दुपारच्या जेवणापर्यंत ती त्या दोन खुणांच्या मागे होती. मी दोनदा जेवायला हाक मारली. शेवटी खुणा जुळल्या, बोटाखाली चेन हवी तेवढी हलली, आणि पप्पा म्हणाले, "आता जेव."

तिला सगळं पहिल्या झटक्यात जमत होतं असं अजिबात नाही. इंजिन ऑइल बदलताना खालचा बोल्ट तिने अंगातला सगळा जोर लावून आवळला आणि आटे गेले. दुसऱ्या दिवशी तिच्या टॉवरच्या पार्किंगमध्ये तेलाचं थारोळं, वॉचमनची कुरकुर. मी तिच्या जागी असते तर गाडी ढकलत नेऊन कॅल्विनला म्हटलं असतं की कशी काय गळते कोण जाणे. ती गेली आणि तिने सांगितलं, "बोल्ट मी जास्त आवळला. आटे मी घालवले. आता काय करता येईल ते मला बघू दे." कॅल्विन हा कमी बोलणारा माणूस. त्याने तिला बसायला स्टूल दिलं, नवे आटे पाडून दिले आणि शेवटचा बोल्ट तिच्या हातात ठेवला. "मनगटाने लाव, सिस्टर. खांद्याने नको." ते वाक्य तिने मला इतक्या वेळा सांगितलं की आता मी बरणीचं झाकण लावतानाही मनगट बघते.

पप्पा एकदाच तिच्यावर खरोखर चिडले. उधाणाच्या भरतीला नायगावच्या खाडीकडचा रस्ता पाण्याखाली गेला होता. पलीकडे एका पेशंटचं सलाईन संपत आलं होतं. हेमांगी पाण्यातून गाडी घेऊन गेली आणि आली. त्यानंतर कामाच्या घाईत गाडीकडे बघायला तिला वेळ झाला नाही. आठवड्याने ती आमच्या अंगणात शिरली ती फाटकाजवळ थांबायच्या ऐवजी पायरीला येऊन टेकली. मागचा ब्रेक दाबला तर नीट लागत नव्हता, लागला तर सुटत नव्हता.

पप्पा तेव्हा काठीच्या आणि माझ्या आधाराने ओट्यापर्यंत येऊ लागले होते. त्यांनी चाकाकडे बघितलं. गंज दिसत होता.

"धुतली नाहीस?"

"वेळ नव्हता, काका."

"खारं पाणी लोखंड खातं." त्यांचा आवाज चढला, आणि चढल्यामुळे शब्द आणखी अडकले. "जखम... धुवायला वेळ असतो. ना तुला? ब्रेक लागला नाही... मग कोणाची जखम कोण धुणार?"

हेमांगी खाली मान घालून ऐकत राहिली. स्वतःची बाजू सांगायला तिच्याकडे कारण होतं, सलाईनचं. तिने ते काढलं नाही. चाक कसं उघडायचं तेवढं विचारलं. त्या दिवशी तिने कॅल्विनला बोलावून, त्याच्या देखरेखीखाली मागचं चाक खोललं, ब्रेकचे गंजलेले भाग पॉलिश पेपरने घासले, पुसले, जागच्या जागी बसवले. तेव्हापासून खाडीवरून किंवा राजोडीवरून घरी गेली की आधी बादलीभर गोडं पाणी गाडीला, मग फडकं, मग चहा. विपुलने मला सांगितलं की पहिले काही दिवस तो हसायचा. मग तोच बादली भरून ठेवू लागला.

आता राजोडीचं सांगते, कारण तिथे मी स्वतः तिच्या मागे बसलेली होते.

शनिवार होता, शाळा लवकर सुटली होती. राजोडीला माझ्या एका विद्यार्थिनीच्या घरी जायचं होतं. हेमांगी तिकडेच निघाली होती म्हणून मी तिच्या मागे बसले. निघता निघता तिला फोन आला. राजोडीच्या कृष्णाबाईंची लघवीची नळी तुंबली होती. सकाळपासून थेंब आला नव्हता, पोट फुगलं होतं, बाई कळवळत होत्या. मुलगा समुद्रावर गेलेला, सून एकटी घाबरलेली.

"पोहोचतेच," हेमांगी म्हणाली.

शनिवारची राजोडी म्हणजे मुंबईहून आलेल्या गाड्यांची रांग. पुढे सरकायचं, थांबायचं, पुन्हा सरकायचं. प्रत्येक वेळी ती क्लच दाबत होती. एका ठिकाणी डाव्या हातात कट्‌ असा बारीक आवाज झाला, लीव्हर एकदम हलका पडला, आणि गाडी गचका देऊन बंद पडली.

"क्लच वायर तुटली," ती म्हणाली.

मी इकडेतिकडे बघितलं. ज्या रिक्षा दिसत होत्या त्या भरलेल्या. मी म्हटलं, "चालत जाऊ. बॅग मी घेते."

"चालत बराच वेळ लागेल, टीचर." ती गाडी ढकलत सुरूच्या झाडांखाली घेऊन आली. "थांबा जरा."

आदल्या आठवड्यात पप्पांनी तिला विचारलं होतं, लीव्हर जड लागतो का. लागतो म्हणाली तशी त्यांनी वायरचं वरचं टोक बघायला लावलं. दोन-तीन तारा उसवलेल्या दिसल्या. लगेच बदलायला सवड नव्हती, म्हणून पप्पांच्या सांगण्यावरून तिने नवी वायर आणून जुनीच्या बाजूने, हँडलपासून इंजिनपर्यंत, तशीच बांधून ठेवली होती. पूर्वी ते स्वतः असंच करायचे. मीटर वाचत फिरताना रानात कुठे गॅरेज शोधणार.

तिने गाडी डबल स्टँडवर घेतली. सीटखालून पाना आणि पक्कड काढली. जुन्या वायरचं वरचं टोक काढलं, मग खाली गुडघे टेकून इंजिनकडचं. गरम इंजिनला मनगट लागलं, तिने ते एकदा फुंकलं आणि पुढे कामाला लागली. दोन मुलं समुद्राकडे चालली होती. त्यातला एक थांबून म्हणाला, "मॅडम, धक्का देऊ का? ढकलत स्टार्ट होईल."

"धक्का नको. हा लीव्हर तेवढा दाबून धरा. सोडा म्हटलं की सोडा."

त्याने धरला. तिने नव्या वायरचं खालचं टोक अडकवलं, नट मनगटाने आवळला, लीव्हर दोनदा दाबून पाहिला, पुन्हा थोडा सैल केला. मला वाटत होतं की तिने घाई करावी. माझ्या डोळ्यांपुढे त्या कृष्णाबाई येत होत्या ज्यांना मी कधी पाहिलंही नव्हतं. तिला माझ्याहून जास्त माहीत होतं की तिथे काय चाललं असेल, तरी तिने शेवटचा अर्धा फेरा पुन्हा मोजून मापून दिला. मग किक मारली, पहिला गिअर टाकला, आणि गाडी काही झालंच नाही अशी निघाली.

कृष्णाबाईंच्या घरात शिरल्या शिरल्या तिने साबण मागितला. हात कोपरापर्यंत काळे झालेले. एकदा धुतले, पुन्हा धुतले, नखांत ब्रश घातला, तिसऱ्यांदा धुतले. तेवढा वेळ तिने कृष्णाबाईंकडे बघून बोलणं चालू ठेवलं होतं. मग हातमोजे घातले. मी बाहेर ओट्यावर थांबले. आतून कण्हणं ऐकू येत होतं, मग ते थांबलं, आणि मग एक लांब सुस्कारा. सून बाहेर येऊन दाराला टेकून रडू लागली.

कृष्णाबाईंचा आवाज आला, थकलेला पण ठाम. "रडतंस काय गो? आधी हिला पानी दे. केवढी घामेजलीय बाय."

मी घरी येऊन पप्पांना सगळं सांगितलं. मला वाटलं ते खूश होतील, काही बोलतील. त्यांनी एवढंच विचारलं, "लीव्हरला ढील किती ठेवली तिने?"

"मला काय माहीत, पप्पा?"

ती पुढच्या वेळी आली तेव्हा पप्पा ओट्यावर बसले होते. त्यांनी काठी घेतली. मी हात द्यायला पुढे झाले, त्यांनी नको म्हटलं. ओट्याच्या दोन पायऱ्या ते एकटे पहिल्यांदा उतरले. काठी, मग ओढत उजवा पाय, मग डावा. हेमांगी गाडीशी उभी होती. तिचे हात अर्धे पुढे आले होते, पडले तर धरायला, पण ती जागची हलली नाही. गाडीपाशी आल्यावर पप्पा सीटला टेकून उभे राहिले, काठी मला दिली आणि डाव्या हाताने क्लचचा लीव्हर धरला. डावा हात त्यांचा शाबूत होता. त्यांनी लीव्हर दाबला, सोडला, पुन्हा सावकाश दाबला. किती तरी महिन्यांनी त्यांच्या मुठीत तो आला होता.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

हेमांगीने वळून बॅगेत काहीतरी शोधल्यासारखं केलं. मग नर्सच्या आवाजात म्हणाली, "चला, आता तसेच वर चढून दाखवा. चढताना चांगला पाय आधी."

या सगळ्याला आता दीड वर्ष झालं. पप्पांची जखम केव्हाच भरली, ट्रस्टच्या हिशेबी ते पेशंट राहिलेले नाहीत. ते काठी घेऊन फाटकापर्यंत जातात, कधी चर्चपर्यंतही. हात पुरता परत आलेला नाही, येणारही नाही कदाचित. हेमांगी रविवारी जमेल तसं येते. गाडीला आता लांबच्या फेऱ्या पडतात. ट्रस्टचे पेशंट वाढलेत, आणि मला माहीत आहे की गाडी बंद पडली म्हणून तिने आजवर एकही घर चुकवलेलं नाही.

मागच्या महिन्यात ती एका मुलीला घेऊन आली. उन्नती, ट्रस्टची नवी नर्स, नुकतीच मोटरसायकल शिकलेली. गाडी सकाळी सुरू व्हायला त्रास देते, अशी तिची तक्रार होती. पप्पा खुर्चीत, उन्नती खाली बसलेली, हातात प्लगचा पाना. प्लग निघत नव्हता. मुलीने दोनदा मान वर करून हेमांगीकडे बघितलं. हेमांगी हात पाठीमागे बांधून उभी होती.

"तूच काढ," ती म्हणाली. "वेळ आहे आपल्याकडे."

उन्नतीने पाना नीट बसवला आणि पुन्हा जोर लावला.